साताऱ्यातलं एक घर, दोन लिप्या आणि वाचनक्रमाची निवड

मुलगी साडेसात वर्षांची, मुलगा नुकताच पाच पूर्ण झालेला. दोघंही शाळेत जात नाहीत. घर साताऱ्यात, शाहूपुरीच्या बाजूला. वडील पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतात, आईने मुलांसाठी नोकरी सोडली. आजोबा, म्हणजे घरातले आबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आजी माण तालुक्यातली. लॉकडाऊनमध्ये हे कुटुंब पुण्याहून इकडे आलं आणि इथेच राहिलं. मुलांना शाळेत न घालण्याचा निर्णय आईवडिलांनी विचारपूर्वक घेतला होता. त्याबद्दल माझं मत त्यांनी विचारलं नव्हतं आणि इथे तो मुद्दाही नाही. मला बोलावलं होतं ते वाचनासाठी.

त्यांचा प्रश्न सरळ होता. घरात वाचनाचे तीन रस्ते एकाच वेळी चालू होते आणि थोरली एकाही रस्त्याने पुढे जात नव्हती. वडिलांनी अमेरिकेहून इंग्रजी फोनिक्सचा, म्हणजे आवाज आणि अक्षराची सांगड घालून वाचायला शिकवण्याचा, पूर्ण संच मागवला होता: पालकांसाठी पाठपुस्तिका, चुंबकाची अक्षरं, छोटी वाचनपुस्तकं. आबा संध्याकाळी पाटीवर बाराखडी गिरवून घेत. आईचं म्हणणं होतं की मूल तयार झालं की आपोआप वाचेल, आपण फक्त पुस्तकं भोवती ठेवावीत. "ताई, यातलं एक काय ते ठरवून द्या," वडील म्हणाले. आबा काही बोलले नाहीत. आपली पद्धत मोडीत निघणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

काय येतं आणि कुठे अडतं

अभ्यासक्रम कुठला घ्यावा हे अभ्यासक्रम चाळून ठरत नाही, मुलाला वाचायला बसवून ठरतं. म्हणून आधी डोळे तपासून घ्यायला सांगितले. चष्म्याची गरज निघाली नाही. मग गावोगावच्या मुलांना किती वाचता येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात त्या धर्तीचा एक कागद घेतला. त्यात अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढंच असतं. हा कागद कुठल्याही पालकाला घरी वापरता येतो आणि पाच मिनिटांत बरंच काही सांगतो.

थोरलीला अक्षरं जवळपास सगळी ओळखता आली. शब्दाला आली तशी गाडी मंदावली. 'पिशवी' हा शब्द तिने असा वाचला: प ला पहिली वेलांटी पि, श, व ला दुसरी वेलांटी वी, पिशवी. शब्द बरोबर होता. पण परिच्छेदातल्या प्रत्येक शब्दावर हाच खटाटोप करायचा म्हटल्यावर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. तिसऱ्या ओळीला तिने कागद बाजूला सरकवला आणि पाणी प्यायला निघून गेली.

इंग्रजीत चित्र उलटं. संचातलं तीन-तीन अक्षरी शब्दांचं पुस्तक तिने धडाधड वाचलं. वडिलांचा चेहरा फुलला. मी पुस्तक मिटून तिला विचारलं, "काय झालं गं गोष्टीत?" तिने जे सांगितलं ते चित्रावरून रचलेलं होतं. कोल्ह्याच्या पिल्लाला इंग्रजीत काय म्हणतात, जमिनीवर अंथरलेल्या त्या जाजमाला काय म्हणतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती आवाज जुळवत होती, आणि चांगले जुळवत होती, पण त्या आवाजांमागे तिच्या कानात काही साठलेलं नव्हतं.

मग मी तिला आजीने सांगितलेली एखादी गोष्ट सांग म्हटलं. तिने पाऊण तास मला जागचं हलू दिलं नाही. चांदणीची विहीर, तिच्यात पडलेली घागर, घागर काढायला आलेले सात भाऊ. कोण काय बोललं, कोणाला राग आला, कोण खोटं बोललं, सगळं क्रमाने. मध्येच आजीच्या ठसक्यात "आमास्नी न्हाई ठावं" असं म्हणून ती स्वतःच हसली. भाषेच्या अंगाने या मुलीला काहीही कमी नव्हतं.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली: समजून वाचणं म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. या घरात हा गुणाकार डोळ्यांसमोर दिसत होता. इंग्रजीत लिपी जमत होती, भाषा नव्हती. मराठीत भाषा ओसंडत होती, लिपी अडत होती. तेव्हा कुठली बाजू आधी उचलायची हे ठरवायला मला वेळ लागला नाही. भाषा रुजायला वर्षं लागतात. लिपी, पद्धत नीट असेल तर, काही महिन्यांत हाताशी येते. मराठीत गुणाकाराचा अर्धा भाग आजीने फुकट भरून ठेवला होता.

समोर असलेले पर्याय

अमेरिकेत १९९३पर्यंत सर्व ५० राज्यांत मुलांना घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. त्यामुळे तिथे घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी अभ्यासक्रमांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. त्यातले फोनिक्सचे संच चांगल्या पायावर उभे आहेत. २०००च्या तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालाने आणि २००६च्या इंग्लंडमधल्या रोझ अहवालाने आवाज आणि अक्षराचं नातं क्रमवार, उघडपणे शिकवण्याची बाजू घेतली. चित्राकडे बघून शब्द ओळखायला लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण हे संच एक गोष्ट गृहीत धरतात: समोरचं मूल हजारो इंग्रजी शब्द ऐकत वाढलेलं आहे. साताऱ्यात मराठीत वाढणाऱ्या मुलीबाबत हे गृहीतक पहिल्याच पानावर कोसळतं. संच वाईट नव्हता. तो या घरासाठी, या वयात, पहिला वाचनक्रम म्हणून चुकीचा होता.

दुसरा पर्याय बालभारतीच्या पुस्तकांचा. ती स्वस्त आहेत, पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात, आणि उद्या मुलांना शाळेत पाठवायचं झालं तर तिथे तीच असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, त्यामुळे दार बंद नाही, पण दहाव्या वर्षी मराठी वाचता न येणाऱ्या मुलीला त्या वर्गात बसणं किती जड जाईल हे आबांना नेमकं माहीत होतं. पुस्तकाची अडचण एवढीच की ते वर्गासाठी लिहिलेलं आहे. शिक्षकाने जे फळ्यावर करायचं, जोडीजोडीने बोलून घ्यायचं, ते पानावर नसतं. पालक फक्त पान वाचून घेतो आणि त्यातलं शिकवणं निसटतं.

तिसरा पर्याय आईचा, वाट बघण्याचा. मी याबद्दल स्पष्ट बोलले. काही मुलं खरंच भोवतालच्या छापील मजकुरातून स्वतः वाचायला शिकतात. पण साडेसात वर्षांचं मूल पुस्तक सरकवून उठून जायला लागलं असेल तर ते तयार होण्याची वाट बघत नसतं. ते टाळायला शिकत असतं. त्या टाळण्याला स्वातंत्र्य म्हणणं मला मान्य नाही. आईने हे ऐकून घेतलं, पण तिचा एक मुद्दा मी उचलला आणि शेवटपर्यंत सोडला नाही: रोज मोठ्याने वाचून दाखवणं, मुलीच्या स्वतःच्या वाचनापेक्षा वरच्या पातळीचं, थांबवू नये. ते या सगळ्या योजनेतलं सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम होतं.

मराठीचा क्रम लावताना

इंग्रजी फोनिक्समधली एक कल्पना मात्र आम्ही उचलली. तिथे बहुतेक संच ए-बी-सी या क्रमाने जात नाहीत. एस, ए, टी, पी, आय, एन अशी अक्षरं आधी घेतात, कारण एवढ्यातच भरपूर शब्द बनतात. मराठीतही हा विचार जुनाच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला 'ग म भ न' हा क्रम वर्णमालेचा नाही. तो अक्षरांच्या वळणावरून, लिहिण्याच्या सोयीने लावलेला आहे. वाचनाच्या सोयीने लावायचा तर हिशेब वेगळा होतो.

देवनागरीत मात्रा टाळून फार दूर जाता येत नाही. सगळी व्यंजनं आधी आणि काना-मात्रा नंतर असं केलं की मूल महिनोन्महिने 'अमर घर बघ' अशा वाक्यांत अडकतं, जी कोणी कधी बोलत नाही. म्हणून पहिल्या गटात क, म, र, न, त, ल ही सहा अक्षरं आणि सोबत काना घेतला. एवढ्यात काका, मामा, नाक, कान, रात, तार, ताक, लाल हे शब्द येतात आणि एक पूर्ण, खरं वाक्य बनतं: काका रानात काम करतात. दुसऱ्या गटात आ, ज, प, स आणि दुसरी वेलांटी, एक मात्रा. लगेच 'आजी ताक करते' वाचता येतं. थोरलीला अक्षरं आधीच येत होती, तिला गट नव्याने शिकवायचे नव्हते. तिला हवं होतं ते फोड न करता अख्खा शब्द एका दमात उचलण्याचं वळण. गट लहान ठेवल्यामुळे तीच ती अक्षरं इतक्या वेळा समोर आली की फोड करण्याची गरजच उरली नाही.

असा गटागटाने जाण्याचा विचार आम्हाला शून्यातून करावा लागला नाही. याच जिल्ह्यात, फलटणला, भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि पालघरच्या वाडा तालुक्यात क्वेस्ट या संस्थेने मराठी वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मराठी पालक अमेरिकेचा संच मागवण्याआधी एकदा आपल्याच जिल्ह्यातलं हे काम बघायला गेला तर किती बरं होईल, असं मला दर वेळी वाटतं.

काही गोष्टी मात्र पालकांच्या लक्षात आणून द्याव्याच लागतात, कारण मोठ्यांच्या नजरेतून त्या सुटतात.

पहिली, 'करतात' या शब्दातला र आपण पूर्ण म्हणत नाही, शेवटचा त तर नाहीच. प्रत्येक अक्षर सुटं आणि पूर्ण म्हणून जोडलं तर होणारा आवाज मुलाने कधी ऐकलेला नसतो. मग मूल थबकतं आणि आपण समजतो त्याला येत नाही. इथे उपाय एकच, शब्द कानाने ओळखीचा असायला हवा. जुळवलेला आवाज आणि ओळखीचा शब्द यांची गाठ मूल स्वतः मारतं. चार या अंकातला च आणि गुरांच्या चाऱ्यातला च वेगळा, हे लिपी सांगत नाही, मुलाचा कान सांगतो. म्हणूनच वाचनाची सुरुवात ज्या भाषेत कान तयार आहे तिथे करायची.

दुसरी, पहिली वेलांटी. 'दिवा' लिहिताना वेलांटी आधी येते, बोलताना नंतर. फोनिक्समध्ये डावीकडून उजवीकडे एकेक खूण जोडायची सवय थोरलीला लागली होती. ती मराठीतही वेलांटीपाशी बोट ठेवून थांबायची. आम्ही खुणा मोजणं बंद केलं आणि टाळ्या मोजल्या: दि-वा, दोन टाळ्या. बोट एका टाळीएवढ्या तुकड्याखाली ठेवायचं. हा बदल बारीक आहे, पण माझ्या मते तिच्या अडखळण्यातला मोठा वाटा याच एका गोष्टीचा होता.

तिसरी, अनुस्वार. 'आंबा', 'चेंडू', 'अंक' यांत तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, आणि 'घरं', 'केलं' यांत नाकात उच्चारलाच जात नाही. टिंब म्हणजे 'अं' असं पाठ करून बसलेलं मूल 'घरम्' वाचतं. त्यात पुन्हा गोष्टींच्या पुस्तकांत 'केलं' आणि पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा 'केले'. या दोन वळणांची मुलाला आधीच ओळख करून द्यावी, म्हणजे तो दोन्ही ठिकाणी बिनधास्त वाचतो.

जोडाक्षरांवर मला जरा थांबायचं आहे. नेहमीच्या क्रमात ती सगळ्यात शेवटी येतात, अवघड म्हणून. पण मराठी गोष्टीचं कुठलंही पान उघडा: म्हणाला, त्याच्या, तुझ्या, आम्ही, नव्हता, होत्या. या शब्दांशिवाय मराठीत गोष्टच सांगता येत नाही. म्हणजे जोडाक्षरं शेवटी ठेवली की खरी गोष्टही शेवटपर्यंत हातात येत नाही, आणि तोवर मुलाचा पुस्तकावरचा जीव उडालेला असतो. आम्ही म्ह, व्ह, त्य, च्य, झ्य ही पाच जोडाक्षरं दुसऱ्या गटानंतर लगेच घेतली, बाकीची थांबवली. पंधरवड्यात थोरलीने एक छोटी गोष्ट सलग वाचली. तिने ती आजीला वाचून दाखवली, आईला दाखवली, मग धाकट्याला धरून बसवलं. रफार मागाहून घेतला, कारण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि उच्चार आधी होतो. पण र च्याच जोडाक्षरांतल्या 'ऱ्य'चा, जो रफारासारखा डोक्यावर चढत नाही, अपवाद करावा लागला. साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याहून. जिथे राहतो त्या गावाचं नाव बोलताना पदोपदी येतं, ते वाचता येत नाही असं कसं चालेल?

वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न या क्रमामुळे सोपा झाला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, मोफत आहेत, घरी छापूनही घेता येतात. त्यांतल्या काही अनुवादित गोष्टींची भाषा अवघडलेली वाटते. त्या मी वगळल्या, आणि पालकांनीही आधी स्वतः मोठ्याने वाचून बघावं आणि जीभ अडखळली तर ती गोष्ट बाजूला ठेवावी, असं मला वाटतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मूळ मराठीतली आणि देखणी, ती विकत घेतली. घराबाहेर पडलं की एसटीच्या पाट्या: मेढा, वडूज, कोरेगाव, स्वारगेट विनाथांबा. आणि पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालेल्या या गावात घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन बसून वाचू शकतं. सातारकरांना हे दाराशी आहे. थोरली तिथे एका ओसरीवर बसून स्वतः निवडलेलं पुस्तक वाचत राहिली, आईने फक्त शेजारी बसायचं काम केलं.

आजीच्या बोलीचा प्रश्नही इथेच आला. थोरली 'पाणी' छापलेलं असताना 'पानी' वाचायची, 'नाही'चं 'न्हाई' करायची. वडील दर वेळी टोकायचे. मी ते थांबवायला सांगितलं. 'नाही'चं 'न्हाई' करणाऱ्या मुलीने शब्द ओळखला, अर्थ घेतला आणि आपल्या तोंडात बसेल तसा बाहेर काढला. याहून चांगलं वाचन कुठलं? ण आणि न यांतला फरक लिहिताना शिकवता येतो आणि तिथेच शिकवावा. वाचताना टोकलं तर मुलाला एवढंच कळतं की आजीची भाषा पुस्तकात चालत नाही, आणि ज्या भाषेवर आपण अख्खं वाचन उभं करतोय तिचाच पाया आपण आपल्या हाताने उकरतो.

आबांची बाराखडी

आबांशी बोलणं बाकी होतं. त्यांनी किती पिढ्या शिकवल्या असतील. त्यांच्या पद्धतीत दम नाही असं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता आणि तसं म्हणण्याचं कारणही नव्हतं. चौतीस व्यंजनं आणि बाराखडी एवढं धरलं तरी अक्षरं ४००च्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीच्या २६ अक्षरांशी याची तुलना होत नाही. कन्नडमधल्या वाचनावर सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला प्राथमिकची कित्येक वर्षं जातात असं दिसलं. तेव्हा थोरली मागे आहे म्हणून घाबरण्याचं कारण नव्हतं, आणि मात्रांचा सराव लागतो हे आबांचं म्हणणंही खरं होतं. तिला सगळ्या मात्रा ओळखू येत होत्या त्या त्यांच्यामुळेच.

अडचण फक्त 'क ला काना का' वाचनात शिरल्याची होती. ते लिहिताना उपयोगी पडतं, वाचताना पायात येतं. आबांना हे दोनदा सांगावं लागलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "मग मी श्रुतलेखन घेतो, वाचन तुम्ही बघा." त्यातून घडलं ते मी ठरवलेल्या योजनेतही नव्हतं. आबा रोज तीन वाक्यं सांगत, तीही घरातलीच: आजी मळ्यात गेली, बाबांचा फोन हरवला. थोरली लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याला तीच वही वाचून दाखवायची. आपणच लिहिलेलं वाचायचं म्हणून तिला कधी कंटाळा आला नाही. महिन्याभरात वही भरली. वाचनाची सर्वांत चांगली पुस्तिका या घरात अशी, छापखान्याशिवाय, तयार झाली.

इंग्रजी आणि वडिलांची काळजी

वडिलांनी संचावर काही हजार रुपये घातले होते, आणि इंग्रजी मागे पडेल ही त्यांची भीतीही खरी होती. संच फेकायचा नव्हता. आम्ही तो अर्ध्यावर थांबवला आणि इंग्रजी तोंडी सुरू केलं: स्वयंपाकघरातल्या वस्तू, सूचना, गाणी, चित्रपुस्तकं वाचून दाखवणं. संचातली पुस्तिका उघडायची तेव्हा आधी त्यातले शब्द बोलून, हात लावून, खेळून घ्यायचे, मग वाचायचे. वेग निम्म्यावर आला. वडिलांना ते जड गेलं, कारण संचाच्या वेळापत्रकात हिरव्या खुणा करण्याचं समाधान त्यांना हवं होतं. तुम्ही घरी शिकवायचं ठरवलंत ते शाळेच्या वेळापत्रकातून सुटण्यासाठी, मग दुसऱ्या देशातल्या कंपनीचं वेळापत्रक कशाला अंगावर घ्यायचं, असं मी त्यांना विचारलं. ते यावर चटकन काही बोलले नाहीत, पण तक्ता भिंतीवरून काढला.

पुढच्या परीक्षेचंही त्यांनी विचारलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत, आणि दहावीला बसायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे हातात वेळ आहे. आजच्या वाचनाची घाई त्या परीक्षेसाठी करण्याचं कारण नाही.

धाकटा

धाकट्याबद्दल थोडंच. 'बटाटा'ला तीन टाळ्या वाजवतो, 'काका' आणि 'काम' सारख्याच आवाजाने सुरू होतात हे सांगतो, स्वतःच्या नावातली अक्षरं ओळखतो. पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही यायला हवं होतं असं मला वाटत नाही. त्याला धडे सुरू केले नाहीत. तो बहिणीच्या वहीतली वाक्यं पाठ म्हणतो आणि बोट भलत्याच शब्दावर ठेवतो, तेही ठीक आहे. बहिणीसाठी लावलेला क्रम त्याच्यासाठी जसाच्या तसा वापरायचा नाही, एवढं पालकांकडून कबूल करून घेतलं. तो सहा पूर्ण झाला की पहिल्या गटापासून सुरुवात, आणि त्याला अक्षरं आधीच येत नसतील तर गट आणखी लहान.

आज कुठपर्यंत आलं

थोरली आता दुसरीच्या पातळीची गोष्ट न फोडता वाचते. वेग कमी आहे, पण ती मध्येच थांबून "ही बाई खोटं बोलतेय" असं म्हणते, म्हणजे अर्थ सोबत चालला आहे. रफार आणि 'प्र', 'ट्र' यांत अजून गफलत होते. घ आणि ध, भ आणि म यांचा गोंधळ गेला. इंग्रजीत मागच्याच पुस्तिकांवर आहे, पण आता गोष्ट सांगायला लावली तर खरी गोष्ट सांगते.

एक गोष्ट पालकांना लिहून दिली आहे. पुढचे सहा महिने रोज वीस मिनिटं नियमित होऊनही ओळखीचे शब्द पुन्हा पुन्हा नव्यासारखे वाटू लागले, अक्षरांची अदलाबदल वाढली, किंवा ऐकून समजणं आणि वाचून समजणं यातली दरी रुंदावली, तर अभ्यासक्रम बदलायचा नाही, तपासणी करून घ्यायची. वाचनदोषासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे, आणि घरात दोन भाषा असल्या तर दोन्हींत तपासणी होणं महत्त्वाचं. आज तरी तसं कुठलंही लक्षण मला दिसत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे. तोवर वडिलांनी बालभारतीचं तिसरीचं पुस्तक चाळून, त्यातले कुठले पाठ थोरलीला एकटीने वाचता येतील आणि कुठले आबांनी वाचून दाखवायचे, याच्या खुणा करून ठेवायच्या आहेत. आईने माणदेशी गोष्टी आजीकडून ऐकून लिहून काढायला घेतल्या आहेत, मोठ्या टायपात, प्रत्येक पानावर चार ओळी. पहिल्या दोन मी पाहिल्या. त्यात 'आमास्नी' तसंच ठेवलं आहे.